शेजाऱ्यांची झोप न मोडता: फ्लॅटमधल्या होम थिएटरची भिंत

घरात सिनेमा पाहण्यासाठी वेगळी खोली करायची ठरली की बहुतेक लोक आधी प्रोजेक्टर निवडतात, मग स्पीकर, आणि भिंतींचा विचार शेजारून पहिली तक्रार आल्यावर करतात. माझ्याही बाबतीत तसेच घडले. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमधल्या चौदा बाय बाराच्या खोलीला एका ठेकेदाराने चारही बाजूंनी करड्या रंगाचा, टोकेरी खाचांचा फोम चिकटवून दिला आणि आता खोली साउंडप्रूफ झाली असे छातीठोकपणे सांगितले. आत टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरून जाई आणि पडद्यावरचे बोलणे स्वच्छ ऐकू येई, त्यामुळे माझाही विश्वास बसला. पंधरा दिवसांनी भिंतीपलीकडच्या आजी सकाळी दारात आल्या आणि जराही न रागावता त्यांनी विचारले, "रात्री तुमच्याकडे कसलं मशीन चालतं का रे? माझा पलंग थरथरतो."

त्याच रात्री घरी सिनेमा लावून मी त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. संवादाचा एक शब्दही कळत नव्हता, पण सबवूफरचा, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचा, प्रत्येक ठोका पाठीला जाणवत होता. फोमने खोलीच्या आतला प्रतिध्वनी शोषला होता. बाहेर जाणारा आवाज त्याने अडवलाच नव्हता. ही दोन कामे वेगळी आहेत, त्यांची साधनेही वेगळी आहेत, आणि हा फरक नीट लक्षात न घेतल्यामुळेच या कामातला बराचसा पैसा वाया जातो. खोलीत आवाज घुमू नये म्हणून सच्छिद्र, मऊ, हवा आत शिरू देणारी वस्तू लागते. ध्वनिलहर तिच्या तंतूंमध्ये शिरते आणि घर्षणाने तिची ऊर्जा उष्णतेत विरते. याला ध्वनिशोषण म्हणतात. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून मात्र जड, हवाबंद आणि मूळ भिंतीपासून सुटी असलेली रचना लागते. हे ध्वनिरोधन. ज्या वस्तूतून फुंकर आरपार जाते, तिच्यातून आवाजही आरपार जातो. गालिचे, जाड पडदे आणि फोम पहिल्या कामाचे आहेत. अंड्यांच्या ट्रेचा त्या कामालाही फारसा उपयोग होत नाही, आणि थर्माकोल दोन्ही कामांना निकामी आहे.

फोमविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात वेस्ट वॉरविक येथील एका नाइट क्लबमध्ये, आवाज कमी करण्यासाठी लावलेल्या फोमला मंचावरच्या आतषबाजीची ठिणगी लागली आणि १०० माणसे प्राणांस मुकली. जानेवारी २०१३ मध्ये ब्राझीलच्या सान्ता मारिया शहरात छताच्या फोमने पेट घेतला आणि २४२ जणांचा बळी गेला. एकच दार असलेल्या अंधाऱ्या खोलीत आपण स्वतःची मुले बसवणार असतो, हे डोळ्यांसमोर ठेवून मी तो फोम त्याच आठवड्यात खरवडून काढला. रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर) आणि जिप्सम बोर्ड हे दोन्ही न पेटणारे, सहज मिळणारे आणि ध्वनीच्या दृष्टीनेही सरस पर्याय उपलब्ध असताना स्वस्तातला फोम लावण्याला काहीच कारण उरत नाही.

आधी हिशेब

चित्रपटगृहाच्या मानक पातळीला प्रत्येक मुख्य वाहिनीची, म्हणजे एकेका स्पीकरला जाणाऱ्या ध्वनीची, शिखरे (सर्वांत मोठे क्षणिक आवाज) बसण्याच्या जागी १०५ डेसिबलपर्यंत आणि सबवूफरच्या वाहिनीची ११५ डेसिबलपर्यंत जातात. घरी सहसा त्याहून दहा-पंधरा डेसिबल कमी आवाजात पाहिले जाते. म्हणजे मुख्य वाहिन्यांची शिखरे ९० ते ९५ आणि सबवूफरची १०० किंवा त्याहून थोडी वर धरावीत. रात्री शांत असलेल्या झोपायच्या खोलीत पार्श्वभूमीचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असतो. पलीकडे काहीच ऐकू जाऊ नये असे वाटत असेल, तर मधल्या भिंतीने साठ-पासष्ट डेसिबल अडवायला हवेत. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली सहा इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत, जिला आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात, ती चाळीस-पंचेचाळीसच्या घरात अडवते. मधली जी तूट आहे, ती भरून काढण्याचे हे सगळे काम आहे.

जुन्या इमारतींमध्ये शेजारचे कमी ऐकू येत असे, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात, त्यात तथ्य आहे. नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन गिलाव्यासह चौरस मीटरला साडेचारशे किलोंच्या पुढे जाते, तर सहा इंची एएसी भिंतीचे सुमारे १४० किलो भरते. वस्तुमान दुप्पट झाले की ढोबळमानाने पाच-सहा डेसिबल जास्त अडतात, त्यामुळे या दोन भिंतींमध्ये नऊ-दहा डेसिबलचा फरक पडतो, आणि दहा डेसिबलचा फरक आपल्या कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो.

मग विटांची आणखी एक भिंत का बांधू नये, हा प्रश्न साहजिक आहे. चार इंची विटांची, गिलावा केलेली भिंत धावत्या मीटरला सातशे किलोंच्या आसपास भरते आणि हे वजन खाली तुळई नसलेल्या स्लॅबवर टाकणे धोक्याचे असते. शिवाय एवढे करूनही जुन्या भिंतीला चिकटून बांधलेल्या भिंतीने फायदा जेमतेम होतो, कारण दोन्ही मिळून एकच भिंत बनते. आपण पुढे जी जिप्समची सुटी भिंत करणार आहोत ती रॉकवूल आणि सांगाड्यासह धावत्या मीटरला सत्तर-पंचाहत्तर किलोंची असते. तरीही सोसायटीला लेखी कळवून, शक्य असेल तर संरचना अभियंत्याला दाखवूनच काम सुरू करावे, आणि कॉलम किंवा बीम यांना छिन्नी लावू देऊ नये.

सामान विकत घेताना एसटीसी नावाचा, भिंत किती आवाज अडवते ते सांगणारा, आकडा सांगितला जातो. तो चुकीचा नसतो, पण तो १२५ हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) वरच्या आवाजांवरून काढलेला असतो, आणि सबवूफरची वाहिनी चालते २० ते १२० हर्ट्झमध्ये. म्हणजे ज्या आवाजाने आजींचा पलंग थरथरला, तो त्या आकड्यात मोजलेलाच नसतो. कायद्याच्या मोजणीतही थोडे असेच होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती ज्या 'ए' मापनाने मोजतात, ते ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबल कमी धरते. नियम पाळूनही शेजाऱ्याची झोप मोडू शकते, म्हणून खरी परीक्षा शेजारच्या खोलीत बसूनच घ्यावी लागते.

फटी, दार आणि खिडकी

भिंतीला हात लावण्याआधी फटी शोधाव्यात. आवाज पाण्यासारखा वागतो. जिथे वाट मिळेल तिथून तो झिरपतो. ९०० मिलिमीटर रुंदीच्या दाराखाली दहा मिलिमीटरची फट असेल, तर तिचे क्षेत्रफळ बारा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच भिंतीच्या एक हजारांशाहूनही कमी भरते. तरीही तेवढ्या एका फटीमुळे, बाकीची भिंत कितीही भक्कम केली तरी, सगळे मिळून ३० डेसिबलच्या आसपासच अडतात.

फटी शोधण्याची सोपी रीत अशी, की रात्री खोलीतले दिवे घालवून बाहेरून दाराच्या चौकटीवर प्रखर टॉर्च फिरवावा आणि आतून प्रकाशाची रेघ कुठे दिसते ते पेन्सिलीने खुणावून ठेवावे. ज्या फटी वळणाच्या असतात त्यांतून प्रकाश येत नाही, पण हवा येते. म्हणून शेजारच्या न्हाणीघराचा एक्झॉस्ट पंखा चालू करून, खोलीतल्या स्विचबोर्डाजवळ, एसीच्या पाइपाजवळ आणि खिडकीच्या कडेने पेटती उदबत्ती धीम्या हाताने फिरवावी. धूर जिथे एका बाजूला ओढला जाईल तिथे वाट आहे असे समजावे. माझ्या खोलीत सर्वांत मोठी वाट निघाली ती एसीच्या तांब्याच्या पाइपांसाठी पाडलेल्या भोकाची. वरून प्लास्टिकची चकती लावलेली असल्यामुळे ती कधी नजरेला आली नव्हती. असे भोक फवारणीच्या फोमने बुजवू नये, कारण तो फुगतो पण हलका असतो. रॉकवूल घट्ट ठासून दोन्ही तोंडांना कडक न होणारे सीलंट भरावे.

स्विचबोर्डांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या आणि शेजाऱ्याच्या खोलीतले बोर्ड कित्येकदा एकाच ठिकाणी पाठीला पाठ लावून बसवलेले असतात आणि तिथे भिंत जवळजवळ नसतेच. असा बोर्ड काढून खड्डा सिमेंटने भरावा आणि वायरी नव्या भिंतीवर बाहेरून बसणाऱ्या पेटीत घ्याव्यात.

दारासाठी पोकळ फ्लश डोअर चालणार नाही. आतून भरीव, किमान ४० मिलिमीटर जाडीचे दार घ्यावे, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी गास्केट लावावी आणि खालच्या कडेसाठी दार बंद होताच आपोआप खाली उतरणारी ड्रॉप सील पट्टी बसवावी. जुन्या घरांना उंबरठा होता, आणि दार खालीही टेकत असल्यामुळे चौथी बाजू आपोआप बंद होत असे. नव्या फ्लॅटमध्ये फरशी सलग नेण्याच्या हौशीने ही सोय गेली. घरात पाय अडखळणारे कोणी नसेल तर बारा-पंधरा मिलिमीटरचा छोटा उंबरठा पुन्हा घालावा असे मी सुचवीन, कारण कोणत्याही यांत्रिक पट्टीपेक्षा तो जास्त टिकतो. दार नीट बसले की नाही हे पाहण्यासाठी चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघाली तर गास्केट तिथे दाबली जात नाही.

सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्या कधीच हवाबंद होत नाहीत. इमारतीचा दर्शनी भाग बदलता येत नाही, म्हणून बाहेरची खिडकी आहे तशी ठेवून आतून दुसरी, बिजागरीवर उघडणारी, लॅमिनेटेड काचेची खिडकी बसवावी आणि दोन काचांमध्ये किमान १०० मिलिमीटर अंतर ठेवावे. खिडकी कायमची चिणून टाकू नये. आग लागल्यास बाहेर पडण्याची ती दुसरी वाट असते.

भिंत

नवी भिंत बांधण्याआधी जुन्या भिंतीचा एक पावसाळा पाहावा. कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, आणि ओल आलेल्या भिंतीपुढे जिप्सम व रॉकवूल उभे केले की मागे बुरशी धरते, बोर्ड मऊ पडतो आणि दोन वर्षांत सगळे उचकटावे लागते. गळती असेल तर बाहेरून दुरुस्ती होऊन भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. लाकडी चौकटीऐवजी जीआय पत्र्याचे सेक्शन वापरावेत, कारण मागच्या अंधाऱ्या, दमट पोकळीत वाळवी लागली तर ती दिसतही नाही.

आता या कामातला गाभा. आपल्याकडे सुतार सवयीने जुन्या भिंतीवर एक इंची लाकडी पट्ट्या ठोकतो आणि त्यांवर बारा मिलिमीटरचा प्लाय किंवा जिप्समचा एक थर बसवतो. ही भिंत दिसायला सुरेख असते आणि खालच्या आवाजांसाठी मूळ भिंतीहूनही वाईट ठरू शकते. बोर्ड हे वजन आणि मागे कोंडलेली हवा ही स्प्रिंग, असे समजावे. प्रत्येक वजन-स्प्रिंगच्या जोडीला स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि त्या सुरावर ती जोडी आवाज अडवायचे सोडून त्याला साथ देते. मूळ भिंत पुरेशी जड असेल तर ही संख्या ढोबळमानाने काढता येते: बोर्डाचे चौरस मीटरमागचे किलोतले वजन आणि पोकळीची मीटरमधली खोली यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ६० ला त्याने भागावे. साडेआठ किलोंचा एक थर आणि २५ मिलिमीटरची पोकळी असेल तर उत्तर १३० हर्ट्झ येते, म्हणजे नेमके पुरुषी आवाजाच्या आणि बासच्या वरच्या भागात. तेच दोन थर घेऊन वजन १७ किलो केले आणि पोकळी १०० मिलिमीटर केली तर उत्तर ५० हर्ट्झच्या खाली जाते. पोकळीत रॉकवूल भरले की ते आणखी थोडे उतरते. खरा फायदा या संख्येच्या दीडपटीच्या वर सुरू होतो. म्हणून जागा वाचवण्यासाठी पोकळी कमी करू नये. खोली पाच इंचांनी लहान झाली तर होऊ द्यावी.

बांधणी अशी करावी. मूळ भिंतीपासून २५ मिलिमीटर अंतर सोडून जमिनीवर आणि वरच्या स्लॅबवर दोरीने खडूची रेघ मारावी. या रेघेवर फ्लोअर चॅनेल (सांगाडा धरणारी पत्र्याची पन्हळ) बसवण्याआधी त्याच्या पाठीला निओप्रीनची किंवा तत्सम मऊ रबराची पट्टी चिकटवावी. चॅनेलमध्ये ७० मिलिमीटरचे स्टड, म्हणजे पत्र्याचे उभे खांब, ६०० मिलिमीटर अंतराने उभे करावेत. स्टड मूळ भिंतीला कोठेही टेकता कामा नयेत, आणि ते हलू नयेत म्हणून कारागीर भिंतीला क्लीट (स्टड जखडणारी पत्र्याची पट्टी) मारू लागला तर त्याला तिथेच थांबवावे. फॉल्स सीलिंग करणाऱ्या मंडळींच्या हाताला घट्टपणाची सवय असते, आणि इथे सुटेपणाच हवा असतो, हे त्यांना आदल्या दिवशीच चहा घेत समजावून सांगावे. ऐन कामात सांगितलेले ऐकले जात नाही.

स्टडच्या मध्ये ५० मिलिमीटर जाडीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूलचे स्लॅब अलगद बसवावेत. ते दाबून ठासू नयेत. हे करताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. यानंतर साडेबारा मिलिमीटरचा पहिला जिप्सम बोर्ड २५ मिलिमीटरच्या स्क्रूने लावावा, पण जमीन, छत आणि बाजूच्या भिंती यांच्यापासून चहूबाजूंनी पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवून, आणि ती फट पूर्णपणे कडक न होणाऱ्या सीलंटने भरावी. फट ठेवायची आणि मग बुजवायची, हे कारागिरांना विचित्र वाटते. बोर्ड टेकला तर कंप थेट स्लॅबमध्ये जातो आणि फट उघडी राहिली तर हवेतून जातो, म्हणून दोन्ही करावे लागते. दुसरा बोर्ड ४० मिलिमीटरच्या जवळपासच्या स्क्रूने असा लावावा, की त्याचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येणार नाहीत. दोन थरांमध्ये लावायचे डॅम्पिंग कंपाउंड परवडत असेल तर जरूर लावावे. ते दोन बोर्डांमध्ये चिकट थर करून कंप जिरवते. परवडत नसेल तर तोच पैसा दारावर खर्च करावा.

स्टडच्या मागच्या बाजूलाही बोर्ड लावून भिंत पक्की करू असे कोणी सुचवले तर ऐकू नये. मूळ भिंत, मागचा बोर्ड आणि पुढचा बोर्ड असे तीन पडदे झाले की एका मोठ्या पोकळीच्या दोन लहान पोकळ्या होतात आणि वर सांगितलेली संख्या पुन्हा चढते. सामान वाढते, काम बिघडते.

माझ्या भिंतीचा पहिला थर लागल्यावर मी बोटाच्या पेराने बोर्डावर ठिकठिकाणी ठोकत गेलो आणि आजींच्या नातवाला पलीकडून भिंतीला कान लावून उभे केले. एका ठिकाणी त्याने लगेच ओरडून सांगितले की इथे ठक्क ऐकू येते. बोर्ड काढून पाहिला तेव्हा वायरीचा कडक पाइप एका क्लॅम्पने स्टडला आणि दुसऱ्या क्लॅम्पने जुन्या भिंतीला बांधलेला निघाला. जुन्या भिंतीवरचा क्लॅम्प काढून तिथे लवचीक पाइप घातल्यावर ठोका ऐकू येणे बंद झाले. दुसरा थर लागण्याआधी ही तपासणी केलीच पाहिजे. नंतर तो एक क्लॅम्प शोधायला अख्खी भिंत उघडावी लागली असती.

छत, जमीन आणि हवा

एकच भिंत केली तर सुधारणा होते, पण अर्धवट होते, कारण आवाज स्लॅबमध्ये आणि बाजूच्या भिंतींमध्ये शिरून वळसा घालून पलीकडे निघतो. चारही भिंती आणि छत केले तर खोलीच्या आत सुटी खोली तयार होते. छताचे दोन थरांचे बोर्ड रबरी हँगरवर टांगावेत. नेहमीच्या फॉल्स सीलिंगपेक्षा हे वजन दुप्पट असते, म्हणून आधारही त्या हिशेबाने जवळ घ्यावेत. या छताला दिव्यांसाठी गोल भोके पाडू नयेत; दिवे हवे असतील तर खाली दुसरी सजावटीची किनार करून तिच्यात घालावेत. जमिनीचा पाच-सहा इंची स्लॅब मुळातच जड असतो, म्हणून खालच्या मजल्यासाठी रबराच्या मॅटवर प्लायचे दोन थर आणि वर गालिचा एवढे बहुधा पुरते.

हवेचा प्रश्न मात्र हलक्याने घेऊ नये. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, नवी आणत नाही. वर वर्णन केलेल्या खोलीत चार माणसे बसली तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण तासाभरात दशलक्षात दोन हजार भागांच्या पुढे जाते, डोके जड होते आणि सिनेमा संपण्याआधीच मुले पेंगू लागतात. त्यासाठी हवा आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन पेट्या कराव्यात. जड बोर्डाची पेटी, आत नागमोडी वळणे आणि वळणांना रॉकवूलचे अस्तर असले की हवा वळून जाते आणि आवाज वाटेत जिरतो. पंखा पेटीच्या बाहेरच्या टोकाला, सावकाश फिरणारा ठेवावा.

आतला आवाज

रोधनाचे काम पुरे झाल्यावरच शोषणाकडे वळावे. हवाबंद, कडक भिंतींची नवी खोली आधीपेक्षा जास्त घुमते. बसण्याच्या जागी स्वतः बसून दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून हातआरसा सरकवायला सांगावा. आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल तिथे आवाजाचे पहिले परावर्तन होते, आणि तिथेच दोन इंची रॉकवूलचे, कापडात गुंडाळलेले पॅनेल भिंतीपासून दोन इंच सुटे टांगावे. मागे मोकळी जागा सोडल्याने तेच पॅनेल आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते. कापड निवडताना ते ओठांशी धरून फुंकर घालावी. पलीकडच्या तळहाताला वारा लागला तर कापड योग्य. हातमागाची सैल विणीची खादी या परीक्षेत सहज उतरते. रेक्झिन उतरत नाही, आणि बाजारातली बरीच तयार पॅनेल रेक्झिनचीच असतात. कापडाला अग्निरोधक प्रक्रिया करून घ्यावी.

सगळी भिंत पॅनेलने झाकू नये. वरचे सूर सगळे शोषले जातात, खालचे घुमत राहतात आणि आवाज कोंदट होतो. खालच्या सुरांसाठी कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड रॉकवूल भरावे. आतली लांबी चार मीटर उरली असेल तर त्या लांबीचा पहिला स्वाभाविक सूर ४३ हर्ट्झच्या आसपास पडतो. बरोबर मध्यावर बसणाऱ्याला तो जवळजवळ ऐकू येत नाही आणि मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो अंगावर येतो. मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के अंतरावर सोफा ठेवून सुरुवात करावी आणि तिथून थोडे पुढे-मागे करत कानाने ठरवावे.

सर्व झाल्यावर रात्री साडेदहानंतर, रस्ता शांत झाला की शेवटची चाचणी घ्यावी. २० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर सबवूफरवर लावावा आणि आपण शेजारच्या खोलीत पलंगावर बसावे. कोणत्या संख्येला ऐकू येते, कोणत्या संख्येला कपाटाची काच किंवा भांडे वाजते, ते लिहून घ्यावे. चाळीस हर्ट्झच्या खाली फ्लॅटमधली कोणतीही हलकी भिंत पूर्ण रोखू शकत नाही, हे आधीच स्वीकारावे. तेवढ्यासाठी एका मोठ्या सबवूफरऐवजी सोफ्याजवळ दोन लहान ठेवावेत, म्हणजे कमी आवाजातही धमक जाणवते, आणि ॲम्प्लिफायरमधला नाइट मोड, म्हणजे मोठे आवाज आपोआप दाबणारी सोय, वापरावा. आजींच्या खोलीत मला काहीच जाणवेनासे झाले तेव्हा ॲम्प्लिफायरवर आवाजाचा आकडा उणे २४ होता (शून्य म्हणजे चित्रपटगृहाची मानक पातळी). तो मी कागदाच्या पट्टीवर लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवला आहे, आणि दहा वाजल्यानंतर घरातले कोणीही त्याच्यापुढे जात नाही.